हजारावा लेख जवळ आलाय, पुढे काय?

एका लेखिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही वर्षांपासून घरून, वेगवेगळ्या वेबसाइटसाठी मराठी आणि इंग्रजी लेख लिहिते. आठशेच्या वर लेख झाले, या वेगाने दिवाळीपर्यंत हजार होतील. पण त्यातल्या अगदी थोड्यांवर माझं नाव आहे, आणि काही बिलंही थकलेली आहेत. टप्पा जवळ येतोय तसा आनंद वाटण्याऐवजी ‘यातून माझं काय झालं’ असं वाटायला लागलंय. वेग वाढवून हजार गाठून टाकू, की आधी दर वाढवून घेण्यासाठी थांबू?

आधी मनापासून अभिनंदन. बाहेरच्या माणसाला हा आकडा नुसता आकडा वाटतो. ज्याने हे काम केलंय त्याला माहीत असतं की आठशे लेख म्हणजे आठशे वेळा दुसऱ्याने दिलेला विषय समजून घेणं, त्याची माहिती शोधणं, ठरलेल्या वेळेत लिहून देणं, आणि ‘थोडं बदलून द्या’ असा निरोप आला की पुन्हा बसणं. घरातलं आजारपण, सणवार, पाहुणे यातलं काहीही त्यासाठी थांबत नाही. हे सलग काही वर्षं जमणारी माणसं कमी असतात. तेव्हा हजार गाठायची इच्छा पोरकट आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलाय वेग की दर, पण मला त्याखाली वेगळंच दिसतंय. लेख संपला, पैसे आले (किंवा यायचे राहिले), आणि तुमच्याकडे त्यातलं काही उरलं नाही. असं आठशे वेळा झालं. तसंच आणखी दोनशे वेळा झालं तर हजाराव्या दिवशीही हेच वाटेल. म्हणून माझं उत्तर असं: हजार गाठाच, पण उरलेले लेख आधीच्या आठशेंसारखे लिहू नका. ज्या लेखातून पैशांव्यतिरिक्त आणखी एखादी गोष्ट तुमच्याकडे उरेल, असे लेख त्यात जास्तीत जास्त आणा. ती गोष्ट म्हणजे विषयाची जाण असेल, तुमचं नाव असेल, हक्क असेल, किंवा पुढचं काम आणणारी ओळख असेल.

हे कितपत जमेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे. घरभाडं किंवा मुलांची फी याच कमाईतून जात असेल तर महिन्याचं काम देणारा क्लायंट एकदम सोडू नका, मग तो कितीही कंटाळवाणा असो. घरात दुसरं उत्पन्न असेल तर थोडी मोकळीक मिळते. तुम्ही करार कोणता केलाय यावरही बरंच ठरतं. खाली लिहिलंय ते माझ्या कामातून आलेलं आहे. मी मुख्यतः शेती आणि पाणी या विषयांवर लिहितो, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच येतील.

पहिलं काम: हजारापर्यंत जाण्याआधी आठशेंची नोंद करा. साधी एक्सेल शीट पुरते. लेखाचं शीर्षक, तारीख, कोणासाठी, विषय, शब्द, किती तास लागले, किती पैसे ठरले, कधी आले, नाव छापलं का, हक्कांबद्दल काय ठरलं होतं, आणि माझ्याकडे प्रत आहे का. जुने तास आठवणार नाहीत, तिथे अंदाज चालेल. बाकीचं बहुतेक सगळं पाठवलेल्या मेलमधून आणि बिलांतून निघतं. काम कंटाळवाणं आहे, पण हे केल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय तुम्ही अंदाजाने घ्याल.

या शीटमधला सगळ्यात बोलका रकाना तासांचा. समजा बाराशे शब्दांचा लेख शब्दाला ८० पैशांनी दिला, तर हातात ९६० रुपये. त्याला शोधाशोध, लेखन आणि दुरुस्त्या धरून पाच तास गेले असतील तर तासाला १९२ रुपये पडले. दुसरा एक क्लायंट एका लेखाचे ३,००० देतो, पण दोन माणसांशी फोनवर बोलायला लावतो आणि आठ तास घेतो. तिथे तासाला ३७५ पडतात. पहिला लेख ‘पटकन होतो’ असं वाटत असतं म्हणून आपण तोच जास्त घेतो. त्यातच बिल पाठवणं, पैशांसाठी आठवण करणं, ब्रीफ म्हणजे क्लायंटच्या सूचना समजून घेणं यांचे तास मिळवले की छोट्या-छोट्या लेखांचा हिशेब आणखी खाली येतो, कारण हे वरकड काम प्रत्येक लेखामागे जवळपास तेवढंच असतं.

मोजायचं काय, हेही एकदा ठरवून टाका. तीनशे शब्दांचं उत्पादनाचं वर्णन आणि अडीच हजार शब्दांचा अभ्यासलेख दोन्ही ‘एक’ धरायचे का? मी स्वतः वर्णनं आणि सोशल मीडियाच्या पोस्ट लेखांत धरत नाही, आणि जुना लेख नव्याने लिहून दिला तर तो धरतो. तुमचा नियम वेगळा असू शकतो. कसोटी एवढीच की उद्या एखाद्या संपादकाला तुम्ही ‘हजार लेख लिहिलेत’ असं सांगितलंत आणि तो म्हणाला ‘दाखवा’, तर तुम्हाला संकोच वाटता कामा नये.

नोंद झाली की विषयानुसार लावून पाहा. इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. तुम्हाला वाटत असतं की आपण काहीही लिहितो, पण तीस-चाळीस लेख कुठल्यातरी एका विषयाभोवती जमलेले निघतात: आरोग्य विमा असेल, घराची वायरिंग असेल, लहान मुलांचा आहार असेल. तो ढीग हे तुमचं खरं भांडवल. भरपूर लिहिणारी आणि तरी न दमणारी जी माणसं मी पाहिली, ती बोटं जलद चालवतात म्हणून भरपूर लिहीत नाहीत. एकदा मिळवलेली माहिती ती वाया जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांना जमतं.

द्राक्षाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या वाढाव्यात म्हणून केलेली, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तासगाव किंवा निफाडकडे फळछाटणीच्या दिवसांत एखाद्या बागेत दिवसभर थांबलं तर किती विषय हाताला लागतात बघा. छाटणी लवकर घेणारे आणि उशिरा घेणारे असे दोन गट असतात आणि दोघांचीही कारणं पटणारी असतात, कारण लवकर छाटणाऱ्याला बाजारात चांगला भाव मिळू शकतो, पण परतीच्या पावसात डाऊनीचा म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाचा धोकाही त्यालाच जास्त. डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाईड लावतात, तो एक स्वतंत्र लेख. त्याची हाताळणी हा आणखी एक, आणि तो फार गरजेचा. हे रसायन हाताळण्याच्या आधी किंवा नंतर दारू घेतली तर तब्येतीला गंभीर धोका होतो, आणि ही गोष्ट काम करणाऱ्या मजुरांपर्यंत पोहोचलेली असेलच असं नाही. मग मजुरी आणि मजुरांच्या टोळ्या, ठिबकमधून खतं, भुरी रोग, उडद्या ही कीड. पुढे हंगाम संपताना बेदाणा: पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवणं, शेडमध्ये जाळीवर वाळवणं, गंधकाची धुरी, तासगाव-सांगलीचे सौदे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यावर वेगळं लिहिता येतं.

एका दिवसाच्या फेरीतून आणि त्यानंतरच्या चार फोनमधून इतकं निघतं. शिवाय दरवर्षी तेच प्रश्न नव्या शेतकऱ्यांना पडतात, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरला तुमची अर्धी तयारी झालेली असते. पहिल्या लेखाला आठ तास लागले असतील तर त्याच विषयाच्या सहाव्या लेखाला तीन लागतात, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला होतो. याउलट सोमवारी क्रिप्टो, मंगळवारी केसगळती, बुधवारी पासपोर्ट असं लिहिणारा माणूस रोज शून्यापासून सुरुवात करतो. तो दमतो याचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा उरलेल्या लेखांपैकी निम्मे तरी तुमच्या त्या ढिगाच्या विषयावर आणा. क्लायंट विषय देतो हे खरं, पण विषय सुचवणाऱ्या लेखकाला बहुतेक संपादक नाही म्हणत नाहीत, कारण तुम्ही त्यांचंच एक काम कमी करत असता. महिन्याच्या सुरुवातीला पाच-सहा विषय, प्रत्येकी दोन ओळींत, स्वतःहून पाठवायचे. माझं निम्म्याहून जास्त काम आजही असंच येतं.

आता नावाचा आणि हक्कांचा प्रश्न, कारण तुमची खंत तिथेच जास्त आहे. आपल्याकडच्या प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक तो लेखकच असतो. पैसे दिले म्हणून लेख आपोआप क्लायंटचा होत नाही. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीने द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. बरेच फ्रीलान्सर करार वाचतही नाहीत आणि मग आपला एकही लेख आपला नाही असं समजून चालतात. तुमचे जुने करार आणि मेल काढून पाहा. ज्यांत काहीच लेखी ठरलेलं नाही, असे लेख तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. त्यातल्या महत्त्वाच्या लेखांबद्दल पाऊल टाकण्याआधी वकिलाला कागद दाखवा, आणि क्लायंटशी संबंध चांगले असतील तर त्याला सरळ विचारा. कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून भांडत सुटावं असं मी म्हणत नाही.

घोस्ट रायटिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहून देण्याचं, वेगळं. नाव न सांगण्याचं तुम्ही कबूल केलं असेल तर ते पाळायलाच हवं, तो शब्दाचा प्रश्न आहे. पण इथून पुढच्या करारात एक वाक्य घालता येतं: लेखिकेला हा लेख आपल्या कामाचा नमुना म्हणून, संभाव्य क्लायंटला खासगीत दाखवता येईल. माझा अनुभव असा की सार्वजनिक श्रेय नाकारणारे क्लायंटही एवढं मान्य करतात. आणि जे काहीच मान्य करत नाहीत त्यांना नावाशिवायच्या लेखाचा दर जास्त लावावा. तुमच्या नावामुळे पुढे मिळू शकणारं काम तुम्ही सोडून देत असता, त्याची किंमत धरायला नको का?

प्रती जपणं हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. असोसिएटेड कंटेंट नावाची अमेरिकन साइट २००५ मध्ये सुरू झाली. हजारो हौशी आणि फ्रीलान्स लेखक तिथे लिहायचे. २०१० मध्ये याहूने ती विकत घेतली, पुढे तिचं नाव याहू व्हॉइसेस झालं, आणि २०१४ मध्ये ती बंदच झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं तिथे लिहिलं त्यांच्या लेखांचे दुवे एका निर्णयासरशी मेले. छोट्या साइट तर त्याहूनही लवकर जातात, डोमेनचे म्हणजे साइटच्या पत्त्याचे पैसे भरायचे राहिले तरी पुरतं. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक लेखाची पीडीएफ करून तारखेसह ठेवा, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी सेवा) ते पान स्वतः साठवून त्याचा दुवा शीटमध्ये टाका. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखाच दिसणाऱ्या लिपीत, असू द्या. माझ्या पिढीतल्या मराठी लेखकांच्या जुन्या फायली वेगवेगळ्या फॉन्टमध्ये अडकल्यात, त्या उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात आणि कन्व्हर्टरमधून काढल्या तरी जोडाक्षरं तुटतात. तुमचं काम अलीकडचं आहे, त्यामुळे हा त्रास बहुधा नसेल, पण एखाद्या क्लायंटने अजून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर घेतला असेल तर तपासा.

इथवरचं थोडक्यात: नोंद करा, तासांचा हिशेब काढा, विषयाचा ढीग ओळखा, जुने करार वाचा, प्रती ताब्यात घ्या. एवढं दोन-तीन आठवड्यांत, चालू काम सांभाळून होतं.

वेग वाढवू का, यावर माझं मत स्पष्ट आहे: नको. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये, घाऊक लिहून काढलेला उथळ मजकूर मागे ढकलण्यासाठी मोठा बदल केला होता. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये वाचकाच्या उपयोगी मजकुरावर भर देणारा बदल आला, डिसेंबर २०२२ मध्ये गुगलच्या शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्यांच्या निकषांत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव हा मुद्दा जोडला गेला, आणि मार्च २०२४ मध्ये केवळ सर्चसाठी ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध थेट धोरण आलं, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. याच काळात, २०२२ च्या अखेरीपासून, फुकटात भराभर मजकूर लिहून देणारी साधनं सगळ्यांच्या हातात आली. म्हणजे वेगाला मिळणारी किंमत दोन्ही बाजूंनी घसरते आहे. शब्दाला पन्नास पैसे देणारा क्लायंट आज ना उद्या ते पन्नास पैसेही वाचवणार. पण बागायतदाराला फोन करून ‘यंदा छाटणी का पुढे ढकलली’ हे विचारून लिहिलेला लेख त्याला दुसरीकडून मिळत नाही. हजार लेखांनी तुम्हाला माणसांना नेमकं विचारायची सवय लावली असेल तर ती आता वापरायची वेळ आहे.

दर मात्र वाढवा, आणि त्यासाठी हजाराची वाट पाहू नका. क्लायंटला तुमच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. त्याला सांगा की गेल्या वर्षात तुम्हाला इतके लेख दिले, त्यातले किती दुरुस्तीशिवाय गेले, कोणत्या विषयांवर मी आता स्वतः माणसांशी बोलून लिहिते, आणि अमुक महिन्यापासून माझा दर असा असेल. दोन महिन्यांची मुदत द्या. एका वेळी एकाच क्लायंटला कळवा, सगळ्यात कमी ताशी हिशेब पडणाऱ्यापासून सुरुवात करा. तो गेला तरी तुमचं सर्वात कमी नुकसान होतं, आणि मोकळे झालेले तास तुमच्या विषयाला मिळतात. मोठा आणि नियमित क्लायंट शेवटी.

पैशांबद्दल दोन गोष्टी जोडतो, कारण तुम्ही थकलेल्या बिलांचा उल्लेख केलाय. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. लेखनसेवा देणारी व्यक्ती सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदू शकते. या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला ते देईपर्यंत आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट विभागाचं उत्तर लवकर येतं, हे मी पाहिलंय. दुसरं, टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर. एका कंपनीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक मानधन गेलं की १० टक्के कापले जातात. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का ते आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला पाहा, आणि उत्पन्न करपात्र नसलं तरी परतावा मिळवण्यासाठी विवरणपत्र भरा. कोणत्या तरतुदीखाली भरायचं याबाबत लेखकांच्या बाबतीत मतभेद आहेत, ते सीएकडून ठरवून घ्या.

राहिला तो हजारावा लेख. तो क्लायंटच्या यादीत जो विषय त्या दिवशी येईल त्यावर जाऊ देऊ नका. नऊशेपन्नासच्या आसपास पोहोचलात की त्याचा विषय ठरवा, तुमच्या ढिगातला, ज्यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय आणि तरी जे मनासारखं कधी लिहायला मिळालं नाही असा. त्याला शब्दमर्यादा ठेवू नका. तीन-चार जाणत्या माणसांशी बोला, एखादी जागा स्वतः पाहून या, आणि तो तुमच्या नावाने, तुमच्या स्वतःच्या डोमेनवर छापा. डोमेन आणि साधं होस्टिंग वर्षाला काही हजारांत होतं. त्या पानावर तुमची ओळख आणि संपर्काचा मेल असू द्या. त्याखाली तुमच्या विषयावरचे, दाखवण्याची परवानगी असलेले दहा लेख लावा. आणि छापल्यावर त्याचा दुवा तुमच्या विषयात काम करणाऱ्या पाच संपादकांना पाठवा, ज्यांच्यासाठी तुम्ही अजून लिहिलेलं नाही. मेलमध्ये हजाराचा उल्लेख एका वाक्यात करा, आणि उरलेल्या जागेत पुढचे तीन विषय सुचवा.